काळं फडकं आणि दहा दिवसांचा दिवा

रतन गेली ती मंगळवारी सकाळी, चॉकीच्या खोलीत. आदल्या संध्याकाळच्या एसटीने तिने बीडहून रेशीमअळ्यांची अंडी आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून, सबंध रस्ता मांडीवर धरून. मंगळवारी उजाडल्यावर ती खोलीतल्या गोणपाटांवर पाणी मारायला गेली. रॅकला पाठ टेकून खाली बसली ती उठलीच नाही. मी तुतीच्या बागेतून आलो तेव्हा तिच्या शेजारी पाण्याचा मग तसाच उभा होता, सांडलासुद्धा नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडे, रस्ता खराब. दवाखान्यात न्यायला उशीर झाला असं सगळे सांगतात. उशीर रस्त्यात झाला नाही. मी बागेत होतो तेव्हाच झाला होता.

चॉकी म्हणजे काय ते सांगतो. अळ्या अंड्यातून फुटल्या की पहिले आठ दिवस फार नाजूक असतात. तेवढे दिवस त्यांना एका थंड, ओलसर खोलीत सांभाळायचं आणि मग शेतकऱ्यांच्या शेडवर द्यायचं. रतन गावातल्या चार जणांसाठी हे काम करायची. बाग आणि पाला माझ्याकडे, खोली तिच्याकडे. सतरा बॅचा तिने काढल्या. प्रत्येक बॅच एका सकाळी, दोन तासांत फुटली. यात सगळं आलं. एकदम फुटल्या तर एकदम खातात आणि कात टाकायला एकदम झोपतात. मागेपुढे फुटल्या तर अर्ध्या जाग्या, अर्ध्या झोपलेल्या. पाला टाकावा तर झोपलेल्या त्याच्याखाली दबतात, न टाकावा तर जाग्या उपाशी राहतात. मग रोग शिरतो आणि सगळी बॅच खड्ड्यात पुरावी लागते.

ही तिची अठरावी बॅच होती. ती खड्ड्यात जाऊ नये, एवढंच मला त्या दहा दिवसांत हवं होतं. पण घरात जमलेल्या एकाही माणसाला ते समजावून सांगता आलं नाही.

माणसं तरी किती. जो येई तो विचारी, "कसं झालं हो?" मी सांगायचो. तो ऐकून बाहेर जायचा, दुसरा आत यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सुतकात चूल बंद, म्हणून भावकीतून जेवण यायचं. अकरा वाजता त्रिंबकच्या घरची भाकरी. ती पोटात असतानाच एक वाजता वत्सलाबाईचं पिठलं. चार वाजता कुणाची तरी खिचडी. नको म्हटलं की, "खा हो, असं करून कसं चालंल." रतन असताना मी सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला जेवायचो, तीस वर्षं. आता भूक कधी लागते तेच कळेना. रोहिणी, आमची लेक, तिला आठवा महिना, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. ती फोनवर विचारायची, "बाबा, जेवलात का?" मी म्हणायचो, तीनदा.

आणि आक्का. सरस्वतीबाई, माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, अजून ताठ चालते. ती पहिल्याच दिवशी आली आणि घर ताब्यात घेतलं. जिथे जीव गेला तिथे दिवा लावायचा, म्हणजे चॉकीच्या खोलीत, रॅकच्या पायथ्याशी. परातीत ज्वारीचं पीठ पसरलं आणि मधोमध दिवा ठेवला. दहा दिवस तो विझता कामा नये. गेलेल्या माणसाचा पुढचा जन्म ज्याचा, त्याचं पाऊल दहाव्याला पिठावर उमटतं म्हणतात. दिवा राखायला तिने मलाच तिथे झोपायला लावलं. झोप कुठली. डोळे मिटले तरी उजेड दिसायचा.

"आक्का, ही अंड्याची खोली हाय," मी म्हणालो.

"आन् ती काय कोंबड्याच्या खुराड्यात गेली का? हितंच गेली ना? मग दिवा हितंच."



खोलीत भिंतीवर दिनदर्शिका होती. सोमवारी अंडी आणली तेव्हाच रतनने पुढच्या आठवड्यावर खुणा करून ठेवल्या होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार या तीन तारखांवर पेनाने भरलेला काळा गोल. गुरुवारी रिकामा गोल. काळा म्हणजे अंड्यांच्या खोक्यावर काळं फडकं घालायचं. रिकामा म्हणजे सकाळी काढायचं. असं का, ते मला माहीत नव्हतं. सतरा वेळा बघितलं, एकदाही विचारलं नाही. ती करायची आणि अळ्या फुटायच्या.

सोमवारी संध्याकाळी मी रॅकवरच्या खोक्याला ते फडकं गुंडाळलं. दोन जुन्या छत्र्यांचं कापड जोडून तिने स्वतः शिवलेलं होतं. कडेला नाडी होती, तीही बांधली. तिचं पहिलं काम माझ्या हातून नीट झालं असं वाटलं.

मंगळवारी सकाळी ओढ्यावरून आंघोळ करून आलो. बघतो तर खोक्यावर हिरवा खण; रात्री मी दिव्याकडे तोंड करून पडलो होतो, वर पाहिलंच नव्हतं. पातळ, नवा, घडीच्या रेषा तशाच. काळं फडकं कोपऱ्यात चुरगळून पडलेलं.

मी खोकं उघडलं. अंडी चिकटलेल्या कागदावर इथे दोन, तिथे चार, अशा अळ्या निघून चालल्या होत्या. पहिल्या दिवशीची अळी मुंगीसारखी काळी आणि केसाळ असते, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. सगळ्यांचा रोख दिव्याच्या बाजूला. दोन दिवस आधी.

"आक्का," मी हाक मारली. आवाज चढला असणार, कारण बाहेरची बोलणी थांबली. "हे फडकं कावून काढलं?"

"काळं हुतं."

"काळंच पायजे त्याला."

"मुंजा, ती कुकवासकट गेली. हिरव्या लुगड्यात नेली तिला. आन् तिच्या जाग्यावर तू काळं घालतूस? चार बायांनी बघितलं काल. सांच्यालाच म्या ते काढलं. माझ्या जवळचा खण घातला, नवा. रतनला हिरवं लई आवडायचं."

"रतनंच घालायची गं ते काळं."

"जिती असताना घालत आसंल. आता सुतक हाय."

तिने वाईट हेतूने काही केलं नव्हतं. राग यायला खरी अडचण तीच होती. स्वतःचा नवा खण तिने अंड्यांवर घातला होता. मी परातीअलीकडे उभा होतो, ती पलीकडे, आणि दिवा आम्हा दोघांच्या मध्ये आरामात जळत होता.

मी समोरच्या घरी गेलो. भामाबाईंचं घर. त्यांची मुलगी पंचशीला प्राणीशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे, बीडला क्लासमध्ये शिकवते, त्या आठवड्यात घरी होती. रतनचं आणि तिचं जमायचं. दोघी तासन्‌तास अळ्यांवर बोलायच्या आणि मी त्याला वेळ घालवणं समजायचो.

ती आली. सोबत आणलेलं भिंग कागदावर धरून तिने बराच वेळ पाहिलं.

"काका, किती वेळ उजेडात होती?"

"काल सांजेपास्नं. पर दिवा तर आठ दिवस हायच की. बारीक तर हाय, नखाएवढी वात."

"त्यांना तेवढी पुरते. आधीचं चाललं असतं, हे शेवटचे दोन दिवस महत्त्वाचे. काकूंनी कधी सांगितलं नाही?"

"मी इचारलं न्हाई."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे बोलली. क्लासमध्ये बोलत असेल तशीच, न थांबता.

"या अंड्यात अळी तयार आहे. तिच्या पेशींमध्ये घड्याळ असतं. आपल्याही असतं. काटे नाहीत, एक प्रथिन असतं. पेशी ते बनवत राहते. पुरेसं साठलं की ते प्रथिनच आत जाऊन स्वतःचं बनणं थांबवतं. मग हळूहळू मोडून संपतं, की काम परत चालू. अशी एक फेरी साधारण दिवसभराची."

"मंग?"

"मग पेशीला बाहेरून निरोप येतात. हा एक रस सुटला, तो एक सुटला. बाहेर फूट, हासुद्धा निरोपच. निरोप पेशीच्या दाराशी येतो, आत एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पण तो मनावर घ्यायचा की नाही, ते घड्याळ ठरवतं. पहाटे घेतला जातो, दुपारी तोच निरोप आला तर कोणी उठत नाही. म्हणून अळ्या सकाळी फुटतात."

"आन् फडकं?"

"उजेड पण निरोपच आहे, पण तो घड्याळालाच येतो. घड्याळ त्याच्यावर वेळ लावून घेतं. अंधारात ठेवलं की पुढे गेलेल्या थांबतात, मागच्या गाठतात. मग एकदम उजेड दाखवला की सगळ्यांची सकाळ एकच. रात्रंदिवस दिवा असला तर प्रत्येकीची सकाळ वेगळी. कुणाला आता वाटते, कुणाला उद्या."

मला यातलं निम्मं कळलं. पण निम्म्यात काम भागलं.

"तुम्ही इथेच झोपता ना?" तिने विचारलं. "आठ दिवस, दिव्यापाशी? आणि जेवण कधीही? पोटाची घड्याळं जेवणावर चालतात, काका. तुमचंही कुठल्या कुठे गेलं असेल."

"माझं ऱ्हाऊ दे. अंड्याचं बोल."

"आत्ता अंधार केला तर गुरुवारपर्यंत दोन दिवस मिळतात. फुटलेल्या वेगळ्या काढून टाका. बाकीच्या बघू. पण या खोलीत नाही. हा दिवा हलवा."

दारात उभ्या आक्काने ऐकलं. "दिवा हलनार न्हाई."

"आक्का, दोन दिवस."

"दहाव्यापर्यंत न्हाई. मी जित्ती हाय तोपर्यंत न्हाई."

"मंग अंडी हलवतो."

"सुतकातली वस्तू कुनाच्या घरात नेनार तू? कोन घील?"

पंचशीलाच्या मागे भामाबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला.

"आमी घेतो की. आमी न्हाई पाळत सुतक, सरस्वतीबाई. आमच्या बौद्धांत पुण्यानुमोदन आस्तंय. धान्याची खोली थंड हाय, खिडकी येकच. आना इकडं. रतनबाई माझ्याकडं रोज चहा प्यायची, तिची अंडी मला काय जड हाईत का?"

आक्का वळली आणि दिव्यात तेल घालू लागली. 

फुटलेल्या अळ्या मी कोंबडीच्या पिसाने एका कोवळ्या पानावर लोटल्या. पंचशीला म्हणाली होती, टाकून द्या. रतनसुद्धा आधी फुटलेल्या टाकूनच द्यायची, मी बघितलं होतं. मला ते जमलं नाही. दिव्याची ऊब मिळेल म्हणून ते पान परातीच्या काठाला टेकवून ठेवलं आणि खोकं उचललं. छत्रीचं फडकं दोनदा गुंडाळलं. गल्ली ओलांडताना बाहेर बसलेली माणसं बघत होती. एकाने विचारलं, "मुंजाजी, अस्थी का?" मी मान हलवली आणि चालत राहिलो.

बुधवारी बन्सी आला. चॉकी घेणाऱ्या चौघांपैकी एक, माझ्याच वयाचा, जिभेला हाड नाही. दुःखाला भेटायला म्हणून आला आणि पाचव्या मिनिटाला मुद्द्यावर.

"मुंजाजी, बे, ऐकलं ते खरं का? अंडी भामाबाईच्या ज्वारीत ठिवलीत?"

"ज्वारीच्या खोलीत."

"मी शेड धुऊन चुना मारून बसलोय. एका सकाळी फुटनार ना? का येक येक आळी मला फोन करनार, आज मी निघाले, उद्या माझी बहीन निघंल?"

"फुटतील."

"रतनवैनीनं सांगितलं आस्तं तर मी इचारलं बी नसतं."

"मला म्हाईत हाय."

 मग म्हणाला, "वैनी मला शिव्या द्यायची. शेडात बिडी वडतो म्हनून." आणि खिशातलं बिडीचं बंडल काढून बघून परत ठेवलं. तो गेल्यावर मला वाटलं, आठवड्याभरात मनापासून भेटायला आलेला हा एकटाच.

त्या दोन दिवसांत मी खोकं एकदाही उघडलं नाही. तीनदा भामाबाईंच्या दारापर्यंत गेलो. तिसऱ्या वेळी पंचशीला म्हणाली, "काका, तुम्ही बघितलं की उजेड जातो. घरी जा." घरी आलो तर खिचडी वाट बघत होती.

गुरुवारी, दहाव्याला, साडेपाचला तिथे पोचलो. पंचशीलाने खिडकी उघडली, फडक्याची नाडी सोडली आणि अंड्यांचे कागद चटईवर पसरले. तांबूस उजेड आत आला. काही झालं नाही. अंडी होती तशीच, निळसर राखाडी.

पंधरा मिनिटं गेली. भामाबाईंनी चहा आणला. मी घेतला नाही. 

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

"थांबा."

"थांबलोच हाय दोन दिवस."

सहानंतर एका कागदाचा रंग बदलला. आधी मला वाटलं, माझी सावली पडली. मी बाजूला सरकलो तरी तो काळसर होतच गेला. मग दुसरा. साडेसहाला सगळे कागद हलत होते. हलत होते म्हणजे खरंच, लाखभर काळे केस एकाच वेळी उठून बसावेत तसे. अंड्यांची पांढरी टरफलं खाली राहिली.

एका कागदाचा कोपरा मात्र राखाडीच राहिला. रॅकवर दिव्याच्या सगळ्यात जवळ होता तो. वीसेक पुंज असतील; पुंज म्हणजे एका मादीने एकदा घातलेली सगळी अंडी. सात वाजले, साडेसात वाजले, त्यातून दहा-वीसच अळ्या निघाल्या.

"हे काढावं लागेल," पंचशीला म्हणाली. "बाकी एकशे ऐंशी पुंज एकदम आहेत. काका, हे पुष्कळ आहे."

पुष्कळ होतं. पण रतनच्या सतरा बॅचांत असा कोपरा कधी राहिला नव्हता. हा राहिला, आणि तो काही फक्त खणामुळे राहिला नाही. सतरा वेळांतून एकदा मी तिला विचारलं असतं, हे काळं कशाला, तर मी आक्काला पहिल्याच दिवशी नीट सांगू शकलो असतो. मी नुसतंच 'अंड्याची खोली हाय' म्हणालो. एवढ्यावर कोण दिवा हलवतो.

पाला चिरायला बसलो. पहिल्या दिवशी तुतीचा शेंड्याचा पाला तंबाखूसारखा बारीक लागतो.

"हे काय भाजीला चिरताय का?" भामाबाई म्हणाल्या आणि माझ्यापुढची विळी ओढून घेतली. "रतनबाई बघून घाबरली आस्ती."

त्यांनी चिरला, मी पसरला. अळ्या पाल्यावर चढल्या. नऊला ओढ्यावर पोचलो तेव्हा सगळे खोळंबले होते. न्हावी माझ्या डोक्याला हात लावून म्हणाला, "पाल्याचा वास येतोय." दहावा झाला. कुणी काय म्हटलं, मंत्र काय होते, मला आठवत नाही. मनात दुपारच्या पाल्याची वेळ मोजत होतो.

बारा वाजता घरी आलो तर आक्का चॉकीच्या खोलीच्या दारात. मंगळवारपासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तिने मला हाताला धरून आत नेलं. दिवा काढून बाजूला ठेवला होता. परात जमिनीवर होती.

"बघ," ती म्हणाली. "बोलू नको. आदी बघ."

मी वाकलो. परातीच्या काठापासून मधोमध, दिवा होता तिथवर, पिठात बारीक टिंबांची एक ओळ गेली होती. शेजारी दुसरी, मग तिसरी. काठाला टेकवलेलं पान वाळून गुंडाळलं होतं आणि त्यावर काही नव्हतं.

"मानसाचं पाऊल न्हाई," आक्का हळू आवाजात म्हणाली. "पाखराचं बी न्हाई. म्या आत्तापातूर चाळीस पराती बघितल्या आसतील, आसलं न्हाई बघितलं. लई बारीक काय तरी हाय."

मी दहा दिवसांचा थकलो होतो. सगळं तिला सांगायला हवं होतं, खण, घड्याळ, निरोप, तो राहिलेला कोपरा. पुढच्या बॅचला ती पुन्हा असेल की नाही कोण जाणे, पण सांगायला हवं होतं. तेवढं बळ नव्हतं.

"अळ्या हाईत त्या, आक्का," मी म्हणालो. "रतनच्या अळ्या. उजेडाकडं गेल्या."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी गणित चुकलो की बघायची तसं.

"मंग मी दुसरं काय म्हनतीय?"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी परात उचलून तिच्या हातात दिली, खिडकी उघडली, आणि गोणपाटांवर पाणी मारायला घेतलं. दोनच्या पाल्याआधी अळ्या या खोलीत आणायच्या होत्या.